प्रथम क्रमांक, विभागून

सुवर्णा खानझोडेने उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि 'हो' म्हटलं तेही मोजक्या वेळा. या दोन्हींच्या मधे मराठीत 'बघू' नावाची एक ऐसपैस जागा आहे. तिथे तिचा संसार छान थाटला होता.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि पास की नापास ते सांगायचं, हे तिचं काम. चुका ती अशा शोधायची की एक सुटायची नाही. पण शेवटच्या रकान्यात 'फेल' लिहायची वेळ आली की तिला तो प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा डोळ्यांपुढे दिसायचा. नुकतंच लग्न झालेलं, डोळे लाल, डब्यात गार पोळी. मग ती लिहायची, 'काही निरीक्षणांसह पास'. निरीक्षणं अकरा पानं असायची.

एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेला तिला परीक्षक केलं. निकाल असा लागला: प्रथम क्रमांक, विभागून, एकोणीस मुलं. स्पर्धक वीस होते. विसावा चित्र न काढताच झोपला होता, त्याला उत्तेजनार्थ. मंडळाचं सगळं बघणाऱ्या रत्नाकाकूंनी कपाळाला हात लावला आणि एकच ट्रॉफी घरोघरी फिरती ठेवली. प्रत्येक घरी एकोणीस दिवस. वर्ष बरोबर पुरलं.

नवरा परीक्षित पुण्याचा. त्याने एप्रिलमध्ये मिशी ठेवायला घेतली आणि तिला विचारलं, "कशी दिसते?"

"बघू," ती म्हणाली. "अजून पूर्ण कुठे आलीय."

आता नोव्हेंबर उजाडला होता. मिशी पूर्ण येऊन वरच्या ओठावरून चहाच्या कपात उतरायला लागली होती. उत्तर आलेलं नव्हतं.

परीक्षितला याची सवय होती. दोन हजार पाच साली तो आईवडिलांबरोबर नागपूरला तिला बघायला गेला होता. पोहे झाले, गच्चीवर दहा मिनिटं बोलणं झालं, आणि निघताना त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "विचार करून कळवते." कळवायला तिला आठ महिने लागले. सासूबाई अजूनही ते 'परीक्षित सातव्या महिन्यात झाला, त्याच्यासाठीही मी एवढं थांबले नव्हते' अशा शब्दांत सांगतात.

अशा बाईला एका शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. मुलगी अनया अकरावीत, शाळेच्या वादविवाद संघात. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. या स्पर्धांचा एक नियम असतो: जी शाळा मुलं आणते तिने परीक्षकही आणायचे. बहुतेक ते मुलांचेच आईबाप असतात, आणि आपल्या शाळेची मुलं सोडून दुसऱ्यांची पारखतात. अनयाचा जोडीदार शिव. त्याचे बाबा सुमंत परीक्षक म्हणून जाणार होते, पण तांदळाची पिशवी गाडीतून काढताना त्यांची पाठ धरली. परीक्षक नसेल तर अनया आणि शिवची नोंद रद्द. हे सगळं कोचने फोनवर सांगितलं आणि विचारलं, उद्या तुम्ही याल का?

नाही म्हणता येईना, म्हणून सुवर्णा हो म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर तिने ते सांगितलं.

"मॉम, यू नो की तुला एक टीम पिक करावी लागते," अनया सावकाश म्हणाली. "टाय नसतो. लाइक, एव्हर."

"माहितीय मला."

"विषय काय आहे गं?" परीक्षितने विचारलं.

"तुर्कस्तानला युरोपियन युनियनमध्ये घ्यावं की नाही," अनया म्हणाली. "त्यांनी एटी-सेव्हनमध्ये अर्ज केला. नव्व्याण्णवला उमेदवार झाले. टू थाउजंड फाइव्हमध्ये बोलणी सुरू झाली. बोलण्यांची पस्तीस चॅप्टर्स असतात. सोळा उघडली, मिटलं फक्त एक. आता कित्येक वर्षं सगळं थंड पडलंय. कुणी हो म्हणत नाही, कुणी नाही म्हणत नाही."

परीक्षितने हातातला घास तसाच ठेवला. "कुठल्या साली सुरू झाली म्हणालीस बोलणी?"

"दोन हजार पाच."

"बघ, बघ. माझ्याच बॅचचे निघाले." त्याने मिशीवरून हात फिरवला. "मी आठ महिने उमेदवार देश होतो, अनया. माझं तर एकही चॅप्टर उघडलं नव्हतं."

"जेव आधी," सुवर्णा म्हणाली.

सुवर्णाने परीक्षकांसाठीचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दोनदा बघितला, त्याखालची प्रश्नावली दोनदा सोडवली आणि दोन्हीदा पैकीच्या पैकी मिळवले. प्रश्नावलीत कुणाला हरवावं लागत नव्हतं.

शनिवारी सकाळी सातलाच ते रॅले शहरापलीकडच्या एका शाळेत पोचले. दोनशे मुलं, सगळी सूटबुटात, आणि कुणाच्याही अंगावर धड जॅकेट नाही. अनयाचा कोट गाडीतच राहिला होता. सुवर्णाने तो आणून दिला, अनयाने तो शिवकडे दिला, शिवने तो खुर्चीवर टाकला. पर्समध्ये तिने बेसनाचे लाडू घेतले होते, पण परीक्षकाने स्पर्धकांना काही खायला देऊ नये असं व्हिडिओत सांगितलं होतं. लाडू पर्समध्येच राहिले आणि तिचा जीव त्यांच्यात.

पहिल्या फेरीत नशिबाने हात दिला. एक जोडी आलीच नाही. आलेली जोडी आपोआप जिंकली. सुवर्णाने त्यांना तीसपैकी तीस गुण दिले, आणि न आलेल्या मुलांचा अपघात तर झाला नसेल ना, हे स्वयंसेवकांना तीनदा विचारून आली. मुलं उशिरा उठली होती एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तिला राखीव बसवलं. तिला वाटलं, दिवस असाच निघून जाईल बहुतेक.

चौथ्या फेरीला तिचं नाव लागलं. खोली एकशे बारा.

एका बाजूला हिमानी नावाची दोन वेण्यांची मुलगी आणि तिची चष्मेवाली जोडीदार. दुसऱ्या बाजूला ईशान नावाचा किरकोळ अंगाचा मुलगा, सूट बहुधा मोठ्या भावाचा, आणि त्याचा ताडासारखा उंच साथीदार. कुणी कुठली बाजू मांडायची ते नाणं उडवून ठरलं. हिमानीकडे 'घ्यावं' आलं, ईशानकडे 'घेऊ नये'.

"अय्यो," हिमानी खुशीत म्हणाली. "सकाळपासून आम्ही घेऊच नये म्हणून जिंकतोय."

सुवर्णा चाट पडली. सकाळी नको म्हणणारी पोरगी दुपारी हवं म्हणणार, आणि मधे फक्त एक नाणं. हिच्या आईला रात्री झोप कशी लागते?

फेरी सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच सुवर्णा सगळं विसरून ऐकायला लागली. हिमानी म्हणाली, साडेआठ कोटींचा देश आहे, तरुण आहे, तीस वर्षं युरोपशी व्यापाराचा करार पाळतोय, लाखो निर्वासितांना त्याने सांभाळलंय. दार उघडं ठेवलं की घर सुधारतं, बंद केलं की बिघडतं. सुवर्णाला ते शंभर टक्के पटलं. मग ईशानचा उंच साथीदार उठला आणि म्हणाला, सायप्रसचं भांडण मिटलेलं नाही, न्यायालयं सरकारच्या दबावाखाली आहेत, पत्रकार तुरुंगात आहेत, घरात येणाऱ्याने घराचे नियम पाळायला नकोत का? तेही तिला शंभर टक्के पटलं. दोनशे टक्के झाले.

मग ईशान उठला. त्याने हातातला कागद बाजूला ठेवला.

"आमच्या घरी पाहुणा आला की दारात बूट काढतो," तो म्हणाला. "आता समजा यजमान दार अर्धंच उघडून उभा राहिला. ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. पाहुण्याने बूट काढायचे की नाहीत? घ्यायचं नसेल तर सांगा. तो बूट घालून दुसरीकडे जेवायला तरी जाईल. इतकी वर्षं मोज्यांवर उभं करू नका."

सुवर्णाला हसू आवरेना. परीक्षकाने चेहरा कोरा ठेवायचा असतो, म्हणून तिने रुमाल तोंडाला लावला आणि खोकली. हिमानीने लगेच आपली पाण्याची बाटली पुढे केली. एवढी गुणी मुलगी.

शेवटी प्रश्नोत्तरांत ईशानने हिमानीला विचारलं, अजून किती वर्षं थांबायचं? हिमानी म्हणाली, प्रक्रिया चालू राहील. त्याने परत विचारलं, किती? ती म्हणाली, प्रक्रिया महत्त्वाची आहे. वेळ संपली. चौघांनी हस्तांदोलन केलं आणि सुवर्णाला 'थँक यू, जज' म्हणून निघून गेले.

ती एकटी निकालपत्रिकेसमोर बसली. दोन चौकोन. एकावर खूण करायची. तिने हिमानीच्या वेण्या आठवल्या. ईशानचा ढगळ सूट आठवला. दोघांचीही आई कुठेतरी गाडी चालवत असेल, भाजी निवडत असेल, मुलाचा मेसेज येतोय का म्हणून फोन बघत असेल.

मग तिने, अगदी ठामपणे, दोन्ही चौकोनांवर खूण केली. कारणाच्या रकान्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं: प्रथम क्रमांक, विभागून.

आणि पत्रिका देऊन, फार मोठं काम उरकल्यासारखी, कॉफी घ्यायला गेली.

कॉफीत साखर घालेपर्यंत माइकवरून तिचं नाव पुकारलं गेलं. लायब्ररीत निकाल जुळवणाऱ्या बाई बसल्या होत्या. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, समोर तीन लॅपटॉप. त्यांनी पत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि शांतपणे विचारलं, मॅम, हे काय आहे?

"दोघं छान बोलले," सुवर्णा म्हणाली. "आमच्याकडे असं करतात. पहिला नंबर वाटून देतात."

"किती जणांत?"

सुवर्णाने खरं सांगावं की नाही याचा विचार केला. "एकोणीसपर्यंत चालतं," ती म्हणाली.

बाईंनी डोक्यावरचा चष्माही डोळ्यांवर घेतला. मग घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन चाळीस. तीन वाजता उपांत्यपूर्व फेरीच्या आठ जोड्या जाहीर होणार. सगळ्या पत्रिका आल्यात, एक सोडून. आणि ज्या शाळेच्या परीक्षकाने तीनपर्यंत निर्णय दिला नाही, त्या शाळेची मुलं पुढच्या फेरीत जात नाहीत. नियम मी केलेला नाही, पण पाळायचा मला आहे.

"आमची मुलं आठात आहेत का?" सुवर्णाने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. पण कोरी पत्रिका देताना त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की सुवर्णाला उत्तर कळलं.

बाहेर कॅन्टीनच्या काचेतून अनया दिसत होती. गार पिझ्झा खात, अर्थातच कोट न घालता. शिव तिला काहीतरी सांगत होता आणि ती बोटांवर त्यांचे विजय मोजत होती. तीन बोटं. तीन वर्षं ती या स्पर्धांना येत होती आणि आठात एकदाही पोचली नव्हती. तिचं नाव पुसलं जाणार होतं ते परक्या कुणामुळे नाही. आईला एका चौकोनावर खूण करता येत नाही, म्हणून.

फेरीविषयी कुणाशी बोलायचं नाही, हाही नियम होता. सुवर्णाने नवऱ्याला फोन लावला.

"स्पर्धेबद्दल काही विचारत नाहीये," ती म्हणाली. "ते आठ महिने तू काय करत होतास?"

"कुठले आठ महिने?"

"माझे. मी कळवते म्हणाले होते ते."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. "दर रविवारी दाढी करून बसायचो," परीक्षित म्हणाला. "फोनजवळ."

"फोनला दाढी कशाला?"

"माणूस तयार असावा."

"आणि मी तेव्हाच नाही म्हटलं असतं तर?"

"रडलो असतो. दोन दिवस. फार तर अडीच." त्याने जरा विचार केला. "मग कोथरूडच्या एका मुलीकडे पोहे खायला गेलो असतो. आईने बघून ठेवली होती. पण तू मधे लटकवलंस ना, आठ महिने मी कुणाकडे पोहेच खाल्ले नाहीत. का विचारतेस? अनया बरी आहे ना?"

"कोट घालत नाहीये."

"मग बरी आहे."

"मला वाटायचं, नाही म्हटलं की माणूस मोडतो," सुवर्णा म्हणाली.

"'नाही'ने माणूस मोडत नाही गं. दाढी करून करून गाल सोलवटतात, ते वाईट."

तिने फोन ठेवला आणि वही उघडली. फेरीत लिहिलेल्या नोंदी होत्या. टेस्टरच्या, म्हणजे एकही चूक न सुटलेल्या. ईशानला हिमानीने विचारलेले चार प्रश्न, आणि प्रत्येकापुढे त्याचं उत्तर. हिमानीला ईशानने विचारलेले तीन. त्यातल्या दोन प्रश्नांना उत्तरं होती. तिसरा, 'किती वर्षं?', आणि त्याच्यापुढे सुवर्णाने ऐकता ऐकता, स्वतःच्याच अक्षरात, मराठीत लिहिलं होतं: 'बघू म्हणाली.'

सुवर्णा त्या शब्दाकडे बघत राहिली. आरशात बघावं तशी. मग तिला कॉरिडॉरच्या मध्यात, एकटीलाच, खुदकन हसू आलं.

दोन सत्तावन्नला तिने ईशानच्या चौकोनावर खूण केली. कारण पाव पानाचं लिहिलं. आयुष्यातलं तिचं सर्वांत छोटं निरीक्षण. बाईंनी पत्रिका घेतली, दोन्ही चष्म्यांतून वाचली आणि नुसती मान हलवली.

हिमानी लायब्ररीच्या दाराशीच उभी होती. निकाल सांगायलाच हवा असं नव्हतं. तोंड चुकवून जाता आलं असतं. सुवर्णा सरळ तिच्यासमोर गेली.

"हिमानी, तुम्ही हरलात," ती म्हणाली. "किती वर्षं, याचं उत्तर तू दिलं नाहीस. टाळलंस. मला ते ओळखू आलं, कारण मी पण तेच करते."

हिमानीने ओठ चावला. सुवर्णाने पर्समधला रुमाल चाचपला. रडली तर आधी पाणी द्यायचं, मग लाडू. नियम गेला खड्ड्यात.

"ओके," हिमानी म्हणाली. तिने फोन काढून काहीतरी टिपून घेतलं. "सकाळच्या राउंडला पण मी एक क्वेश्चन असाच डॉज केला होता, बट त्या जजने फक्त 'गुड जॉब' लिहिलं. थँक यू." आणि मग जोडीदाराला हाक मारून, "चल ना यार, पेपरोनी संपेल," असं म्हणत पळाली.

अडीच दिवस सोडाच, अडीच मिनिटंही नाहीत. सुवर्णा तिच्या पाठीकडे बघत राहिली. आत काहीतरी साबणाच्या फेसासारखं वर येत होतं. गेली सेहेचाळीस वर्षं ही सगळी माणसं तिने कशाला जपली होती? ती तर बूट घालून तयारच होती.

तीन वाजता यादी लागली. आठव्या ओळीवर अनया आणि शिव. अनयाने काचेतूनच आईला बघून दोन्ही हात वर केले, आणि सुवर्णानेही केले, पर्ससकट.

उपांत्यपूर्व फेरीत ती दोघं हरली. तीन परीक्षकांपैकी दोघांनी समोरच्यांना कौल दिला. सुवर्णा मागच्या बाकावर बसून बघत होती.

परतीच्या वाटेवर, गाडी हायवेला लागल्यावर, अनयाने विचारलं, "मॉम, ऑनेस्टली. आम्ही कसे होतो?" आणि मग स्वतःच म्हणाली, "आय नो, आय नो. दोघं छान बोलले."

"नाही," सुवर्णा म्हणाली. "शिव छान बोलला. तू शेवटी इतकी घाईत बोललीस की मला निम्मं कळलं नाही. त्या दोन परीक्षकांचा कौल बरोबर होता."

अनयाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मागच्या सीटवर शिवने कानातले इयरफोन काढले.

"मॉम?"

"काय?"

"नथिंग," अनया म्हणाली. थोड्या वेळाने गालातल्या गालात हसली. "थँक्स."

इतक्यात गाडीच्या स्पीकरवर रत्नाकाकूंचा फोन आला. पुढच्या शनिवारी मंडळाचं दिवाळी संमेलन होतं. "सुवर्णा, दीडशे करंज्या तुझ्याकडे धरल्यात हं," काकू म्हणाल्या.

"काकू, नाही जमणार."

अनयाने स्पीकरचा आवाज वाढवला.

"कोण बोलतंय?" रत्नाकाकू म्हणाल्या.

"मीच. सुवर्णा."

"बरं बाई. आत्ताच सांगितलंस ते बरं केलंस. दरवेळी तू 'बघू' म्हणतेस आणि आम्ही आदल्या दिवशी भीत भीत दुकानातून मागवून ठेवतो." काकू जरा थांबल्या. "संमेलनातही चित्रकला आहे, तिला परीक्षक येशील का मग? तेही नाही?"

"ते येते. पण काकू, पहिला नंबर एकच."

"देवच पावला," रत्नाकाकू म्हणाल्या.

घरी पोचले तेव्हा परीक्षितने दार उघडलं. त्याने डाळ-तांदूळ लावून ठेवले होते आणि हातात चहा होता. मिशीच्या एका टोकाला साय लागली होती. सुवर्णाने दारातच बूट काढले, पर्स खाली ठेवली, आणि त्याला नीट, खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मिशी काढ," ती म्हणाली.

परीक्षितचा हात आपोआप मिशीवर गेला. "आज एकदम? सात महिने काही बोलली नाहीस."

"आठ होऊ द्यायचे नव्हते."

त्याने मिशीला एक शेवटचा पीळ दिला. मग चहाचा कप तिच्या हातात देऊन वर निघाला, दोन-दोन पायऱ्या टाकत. बाथरूममधून नळाचा आवाज आला, आणि त्याच्यावर त्याचा.

"मला पण नव्हती आवडत. तू नाही म्हणायची वाट बघत होतो."